चार्ज: कोणी, कोणावर, काय चढवलं?

गेल्या महिन्यात आत्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आम्ही सगळे बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका हॉटेलात जेवायला गेलो. बिल आलं. जेवणाचे १८४० रुपये, त्याखाली १० टक्के सर्विस चार्जचे १८४ आणि या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १०१ रुपये २० पैसे. सर्विस चार्जवर बोट ठेवून मी विचारलं, "हे काय?" काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला, "ए तो सरकारी छे, साहेब." मागे रांग लागली होती, आत्याचे गुडघे कुरकुरत होते. मी मुकाट्याने पैसे दिले. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस मी!

दांडिया बाजारातल्या घरी पोचलो, चपला काढल्या आणि आत्याने विचारलं, "अरे, सर्विस त्या पोरांनी दिली. मग तिचा चार्ज सरकारचा कसा?"

दुसऱ्या दिवशी तिने पेपर माझ्यापुढे टाकला. एकाच पानावर एका माजी अधिकाऱ्याविरुद्ध चार्जशीट, कुठल्याशा मोर्चावर लाठीचार्ज, बदलून आलेल्या साहेबांनी घेतलेला चार्ज आणि गाड्यांसाठी नवं चार्जिंग स्टेशन. "शब्द एक आणि भानगडी चार. यातला खरा चार्ज कुठला?"

सगळेच खरे आहेत, आणि मुळात ते एकच आहेत.

आधी लारी भरू

इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचमधून घेतला आणि फ्रेंचांकडे तो लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे माल वाहायची गाडी. रोमन लोकांनी तो शब्दही गॉल लोकांकडून उचललेला. त्यावरून 'कारिकारे' हे क्रियापद झालं: गाडीवर माल चढवणे. बस, चार्जचा मूळ अर्थ एवढाच.

या घराण्यातली बाकी मंडळी आपल्या ओळखीची आहेत. कार, कॅरी आणि स्पॅनिशकडून आलेला कार्गो. इटालियनमधून आलेलं कॅरिकेचरही यातलंच, म्हणजे ज्यात माणसाच्या नाकावर चित्रकाराने जरा जास्तच माल चढवलेला असतो ते चित्र. आज कोणी कार चार्जिंगला लावतो तेव्हा मुळाच्या हिशेबाने तो गाडीवर माल चढवतोय असंच म्हणत असतो.

आम्ही बडोदेकर हातगाडीला लारी म्हणतो. खंडेराव मार्केटच्या बाजूला सकाळी लारी भरताना कधी उभं राहून बघा. पहिली गोणी हमाल बरोबर चाकांवर टाकतो. दुसरी पुढे, तिसरी मागे. मागे जास्त झालं की दांडे आपोआप वर उचलले जातात, मग एक गोणी ओढून पुढे घ्यायची. प्रत्येक गोणीला लाकूड करकरतं. शेवटी दोरखंड आवळून गाठ मारली की लारीवाला तळहातावर फुंकर घालतो आणि दांडे धरतो.

या चित्रात चढवणारा आहे, ज्यावर चढवलं ती लारी आहे आणि चढलेला माल आहे. चार्ज शब्द कुठेही भेटला की एवढंच विचारायचं: कोणी, कोणावर, काय चढवलं? बाकीचं गणित सुटत जातं.

पैशाचा चार्ज: बिलावर चढलेला माल

एखाद्या कामाबद्दल तुमच्या नावावर जी रक्कम चढवली जाते ती चार्ज. वस्तूची असते ती प्राइस म्हणजे किंमत. वकील, डॉक्टर आणि शाळा घेतात ती फी, बस आणि रिक्षावाले घेतात ते भाडं, चूक केली म्हणून भरता तो फाइन म्हणजे दंड. चार्ज शब्द यांच्यापेक्षा सैल आहे, म्हणूनच बिल बनवणाऱ्यांचा लाडका आहे. कशाला काही नाव सुचलं नाही की चार्ज लिहून मोकळे.

घरातलं लाइटबिल काढा. त्यात फिक्स्ड चार्ज असतो. घराला कुलूप लावून तुम्ही दोन महिने पुण्याला लेकीकडे राहिलात तरी तो चुकत नाही, कारण तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर तुमच्यासाठी तयार ठेवल्याचा तो पैसा आहे. रिकामी लारी दारात उभी करून ठेवली तरी तिचं रोजचं भाडं लागतंच ना, तसं. एनर्जी चार्ज मात्र युनिट जळतील तसा. फ्युएल चार्ज इंधनाच्या आणि वीजखरेदीच्या खर्चाप्रमाणे वरखाली होतो. आणि त्याच कागदावर आणखी एक ओळ असते, इलेक्ट्रिसिटी ड्यूटी. तिच्यात चार्ज शब्द नाही, कारण तो राज्य सरकारचा कर आहे. चार्ज वीज देणाऱ्याचे, ड्यूटी सरकारची. आत्याचा प्रश्न इथेच निम्मा सुटला.

उरलेला निम्मा असा. जीएसटी येण्यापूर्वी बिलावर सर्विस टॅक्स असायचा आणि तो खरोखर सरकारी होता. १ जुलै २०१७ ला तो जीएसटीत विरला. सर्विस चार्ज त्याच्यासारखा दिसतो, पण तो हॉटेलवाल्याने स्वतः चढवलेला असतो. आपण खुशीने ठेवतो त्या टिपेचा छापील अवतार म्हणा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सूचना काढल्या की हॉटेलांनी तो आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही आणि त्यासाठी कोणाला दारात अडवायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या. म्हणजे ग्राहक 'काढा' म्हणू शकतो. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वर त्या चार्जवर जीएसटीही लागतो हे विसरू नका. माझे १८४ गेले नाहीत, १९३ रुपये २० पैसे गेले.

अपवाद सांगायला हवा, नाहीतर एखादे सीए रागावतील. इन्कम टॅक्सवरचा सरचार्ज सरकारचाच आहे. तिथे अर्थ वेगळा: आधी चढवलेल्या करावर आणखी एक थर. मराठीत त्याला अधिभार म्हणतात, आणि 'सर' म्हणजे 'वर' हे लक्षात घेतलं तर शब्दाला शब्द जुळतो.

चार्जशीट आली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला?

नाही. पण इथे भल्याभल्यांची गल्लत होते, म्हणून जरा थांबू.

आपला मराठी शब्द आरोप. संस्कृतात आरोपण म्हणजे चढवणे, वर ठेवणे. धनुष्यावर दोरी चढवण्यालाही आरोपणच म्हणत. म्हणजे 'आरोप केला' आणि 'चार्ज लावला' ही दोन वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी काढलेली एकाच लारीची चित्रं आहेत. माल म्हणजे गुन्ह्याचं नाव, लारी म्हणजे तो माणूस. चढवणारा कोण, हा खरा प्रश्न.

तक्रार झाली, एफआयआर नोंदली गेली, पोलिसांनी तपास केला. तपासाअंती ते कोर्टात जो कागद देतात त्याला आपण चार्जशीट म्हणतो. कायद्याच्या पुस्तकात त्याचं साधं नाव आहे, पोलीस रिपोर्ट. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या गंभीरपणाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत हा कागद यावा लागतो. नाही आला तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून बातम्यांत 'मुदतीच्या आदल्या दिवशी चार्जशीट' असं वाचायला मिळतं.

पण हा झाला पोलिसांनी गोदामातून आणून ठेवलेला माल. लारीवर तो चढवायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात. दोन्ही बाजू ऐकून त्यांना प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर ते चार्ज फ्रेम करतात. मराठी पेपरात यालाच 'आरोप निश्चित' म्हणतात. खटला त्यानंतर सुरू होतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. चार्जवरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत आरोप निश्चित करावेत असं तिच्यात म्हटलं आहे.

तथ्य वाटलं नाही तर? मग डिस्चार्ज, म्हणजे आरोपमुक्त. माल लारीवर चढलाच नाही. हे निर्दोष सुटण्यापेक्षा वेगळं आहे. निर्दोष सुटका पूर्ण खटला चालून, साक्षी-पुरावे तपासून होते; मग वरच्या कोर्टात अपील होऊ शकतं, पण त्याच गुन्ह्यासाठी नव्याने खटला भरता येत नाही. डिस्चार्ज झालेल्याविरुद्ध नवा पुरावा सापडला तर दार पुन्हा उघडू शकतं. 'कोर्टाने सोडलं' या दोन शब्दांत पेपरवाले दोन्ही कोंबतात, ते बरोबर नाही.

आणि एक तिसरीच चार्जशीट असते, नोकरीतली. आमच्या गल्लीतले एक काका सरकारी खात्यात होते. एका संध्याकाळी ते घरी येऊन म्हणाले, "मला चार्जशीट मिळाली." काकूंनी कुकर बंद केला, देवापुढे दिवा लावला आणि माहेरी फोन केला. पोलीस कधीही दारात येतील अशी त्यांची समजूत. प्रकरण होतं न कळवता घेतलेल्या आठ दिवसांच्या रजेचं. खात्याच्या चौकशीत वरिष्ठ लेखी आरोप देतात आणि उत्तर मागतात, त्यालाही चार्जशीटच म्हणतात. त्यात पोलीस नाहीत, कोठडी नाही.

इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी एक खूण. आरोपाच्या चार्जला 'विथ' लागतो, पैशाच्या चार्जला 'फॉर'. 'ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट' म्हणजे चोरीचा आरोप. 'ही वॉज चार्ज्ड फॉर टी' म्हणजे चहाचे पैसे घेतले.

खुर्चीचा चार्ज आणि जमिनीचा बोजा

साहेबांनी चार्ज घेतला म्हणजे त्यांच्या खांद्यावर खात्याचा माल आला. मराठी पेपर 'पदभार स्वीकारला' लिहितात, 'कार्यभार' लिहितात, तात्पुरत्या माणसाला 'प्रभारी' म्हणतात. सगळीकडे भार आहेच. योगायोग असा की बडोदा महापालिकेचं मुख्य ऑफिसही खंडेराव मार्केटच्याच इमारतीत. बाहेर लारीवर भार, आत खुर्चीवर पदभार.

ऑगस्ट २०१९ पासून भारत आणि पाकिस्तान यांच्या राजधान्यांत एकमेकांचे उच्चायुक्त नाहीत, 'शार्झे दाफेर' काम बघतात. फ्रेंच नाव ऐकून घाबरू नका. 'कामं ज्याच्यावर चढवली आहेत तो' एवढाच त्याचा अर्थ. आपला प्रभारी.

इथे 'द' फार घातक आहे. 'टीचर इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन' म्हणजे मुलं बाईंच्या ताब्यात. 'इन द चार्ज ऑफ द चिल्ड्रन' म्हटलंत तर बाई मुलांच्या ताब्यात. (काही वर्गांत दुसरंच खरं असतं, ते सोडा.)

जमिनीवरही चार्ज असतो. शेतकऱ्याने जमिनीवर कर्ज काढलं की सातबारावर बँकेची नोंद चढते. महाराष्ट्रात तिला बोजा म्हणतात, आमच्याकडे गुजरातीत बोजो. कर्ज फिटल्यावर ती नोंद काढून घ्यायला विसरू नका. पैसे फेडले तरी कागदावरची गोणी आपोआप उतरत नाही, आणि जमीन विकायच्या वेळी गिऱ्हाईक नेमकं तिच्यावर बोट ठेवतं.

बैल अंगावर आला

हा अर्थ पटकन उरकू. हत्यार सज्ज करून, रोखून शत्रूवर भार टाकणे म्हणजेही चार्ज. आपल्या बखरी 'घोडे घातले' म्हणतात, तेच. लाठीचार्ज त्यातूनच आला. क्रिकेटमध्ये फलंदाज पुढे सरसावून गोलंदाजावर तुटून पडतो, तोही चार्ज. माझ्या एका विद्यार्थ्याने 'अ बुल चार्ज्ड मी निअर मांडवी' याचं भाषांतर केलं होतं, 'मांडवीजवळ एका बैलाने माझ्याकडून पैसे घेतले.' मी अर्धा मार्क दिला. व्याकरण चुकलं नव्हतं.

फोनमध्ये काय भरतं?

सतराव्या-अठराव्या शतकात बंदुकीत, तोफेत दारू ठासण्याला इंग्रजीत चार्ज म्हणतच होते. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात वीज साठवणारी काचेची बरणी निघाली, लायडन जार. बरणीत वीज भरायची आणि एका झटक्यात सोडायची. तोफेची आठवण न झाली तरच नवल. बेंजामिन फ्रँकलिनने अशा बऱ्याच बरण्या एकत्र जोडल्या आणि त्या संचाला तोफांच्या रांगेचं नाव दिलं, बॅटरी. तुमच्या खिशातल्या फोनमधला एक मोठा शब्द थेट तोफखान्यातून आलाय. सोन्याच्या आणि चांदीच्या तोफा मिरवणाऱ्या आमच्या बडोद्याला तरी याचं अप्रूप वाटायला हवं!

आपणही बार भरतो आणि बार उडवतो. फारसीत बार म्हणजे ओझं. माल भरायचं ते बारदान. आणि फारसीतला हा बार आपल्या संस्कृत भाराचा सख्खा चुलतभाऊ आहे.

आता विज्ञानाची खोच. आपल्याला वाटतं, चार्जिंगला लावला की फोनमध्ये वीज भरत जाते, पेट्रोलसारखी. तसं नाही. सोसायटीत खाली टाकी असते, गच्चीवर टाकी असते. पंप लावला की खालचं पाणी वर जातं. सोसायटीतलं एकूण पाणी तेवढंच, पण वर गेलेलं पाणी आता नळाला जोराने येऊ शकतं. बॅटरीत तेच होतं. चार्जर म्हणजे पंप. तो लिथियमचे विद्युतभारित कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ढकलतो. बॅटरीतला एकूण विद्युतभार आधी जेवढा होता तेवढाच राहतो, वाढते ती ऊर्जा. फोन वापरता तेव्हा कण पुन्हा खाली उतरतात. तोच डिस्चार्ज.

खोक्यावर ५००० मिलिअँपिअर-अवर छापलेलं असतं. ते या वाहत्या पाण्याचं माप आहे. भरलेली बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत तिच्यातून १८,००० कूलॉम एवढा विद्युतभार फिरून जातो. कूलॉम हे विद्युतभाराचं एकक, विजेच्या शेराचं माप समजा.

दवाखान्यातला डिस्चार्ज राहिला. पेशंटचा भार दवाखान्यावर होता, तो उतरला. बिलाचा चार्ज मात्र त्याच क्षणी तुमच्यावर चढतो.

हे ओढूनताणून जुळवलेलं नाही कशावरून?

एक मित्र म्हणाला, "इंग्रजीत एकसारखे दिसणारे शब्द ढीगभर आहेत. सगळ्यांचा काय संबंध लावत बसणार?" शंका रास्त आहे. बॅट म्हणजे वटवाघूळ आणि बॅट म्हणजे क्रिकेटची फळी, यांचं एकमेकींशी काहीही नातं नाही. दोन वेगळे शब्द घासून घासून एकसारखे झाले. चार्जचं तसं नाही. त्याच्या सगळ्या अर्थांच्या वाटा माल चढवण्याकडेच परत जातात.

आणि हे फक्त त्यांच्याकडेच घडलं असंही नाही. पदभार, अधिभार, विद्युतभार, बोजा आणि आरोप हे शब्द आपण चार्जची नक्कल म्हणून शेजारी शेजारी ठेवायला लागलो, पण ओझ्यातून जबाबदारी, कर्ज आणि दोष काढायची सवय आपली जुनीच आहे. 'आभार' म्हणतो तेव्हाही उपकाराचं ओझंच कबूल करतो.

मग मराठीतच बोला की!

आत्याचं हेच म्हणणं. तिच्या पिढीला सयाजीरावांच्या राज्यातली भाषा ऐकून माहीत आहे. १९३१ मध्ये बडोदा सरकारने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा राज्यकारभाराचा कोश छापला होता. इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठीसकट अनेक भाषांतले प्रतिशब्द. एका संस्थानाला हे सुचलं होतं.

माझं मत असं की कोर्ट-कचेरीच्या कागदात आरोपपत्र, पदभार हेच शब्द चांगले, कारण ते अर्थ वेगळे ठेवतात आणि चार्ज सगळ्यांची खिचडी करतो. सेव उसळीच्या लारीवर मात्र 'एक्स्ट्रा पावाचा अधिभार किती?' असं विचारून बघा. सेव उसळवाला पाव देईल, पण घरी कोणीतरी आहे का तेही विचारेल.

फोनसाठी मात्र आत्याने शब्द शोधून काढला. तिच्या लहानपणी दृष्ट काढायला भारलेलं पाणी असे, मंत्राने भारलेलं लिंबू असे. कोणी ताकद आत भरली, वस्तू दिसायला तीच, पण आता ती काम करणार. "मग फोनला काय झालं?" ती म्हणाली.

परवा तिने माझ्या मुलाला हाक मारली. "अरे, माझा फोन दोन टक्क्यांवर आलाय. जरा भारायला लाव."

तो फोन हातात घेऊन एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, भारायला? म्हणजे त्याचं वजन वाढतं का?"

"ते तुझ्या बाबाला विचार," आत्या म्हणाली. "आणि त्याला म्हणावं, एकशे त्र्याण्णव रुपये वीस पैसे अजून माझ्या लक्षात आहेत."